बोटुकली सुटली पाहिजे

प्रश्न : मी सोलापुरात पूर्व भागातील एका बालवाडीत शिकवते. मुले चार ते सहा वर्षांची असून अनेकांचे पालक यंत्रमागावर काम करतात. ‘पाण्यातील प्राणी’ शिकवताना मी गळ आणि चुंबकाचा तयार खेळ आणला. मुले रमली, परंतु दोन दिवसांनी एकाने विचारले, की गळ लागल्यावर माशाला दुखत नाही का? मला उत्तर सुचले नाही. वर्गातील काही घरांत मासे खातात, काही घरांत नाही. हा विषय खेळातून कसा शिकवावा?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : त्या मुलाला ‘दुखते’ असेच सांगावे. माशाच्या तोंडाभोवती इजा जाणवणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात, त्यामुळे ‘माशाला काही कळत नाही’ हे मोठ्यांचे नेहमीचे उत्तर टिकणारे नाही. मासे धरणारा माणूस पोटासाठी ते धरतो, काही घरांत ते खातात आणि काही घरांत खात नाहीत, एवढे सांगून थांबावे. कोणाचे बरोबर, हा निवाडा बालवाडीत करू नये.

चुंबकाच्या खेळातील खरी उणीव निराळी आहे. त्यात सगळे मासे एकाच मापाचे आणि एकाच तोंडाचे असतात. म्हणून खेळाआधी मुलांनी खरा मासा पाहावा. पालकांना विचारून मासळी बाजारातून एक अख्खा कटला आणि एक मृगळ आणावा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले असते, कारण तो तळाशी चरतो. आणि रोहू या दोघांच्या मधल्या थरात वावरतो. तलावात या तिघांचे बीज एकत्र सोडतात ते याचसाठी, की खाण्यावरून त्यांची ओढाताण कमी होते. कल्ल्यावरचे झाकण उचलून आतला लाल कंगवा दाखवावा आणि एक खवला उजेडासमोर धरून भिंगातून त्यावरची बारीक वर्तुळे पाहू द्यावीत. याला अर्धा तास पुरतो. नंतर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

मासेमारीसाठी मात्र साखळीच्या शिवाशिवीसारखा दुसरा खेळ नाही, आणि तो मुलांना आधीच येत असतो. अंगणात खडूने मोठा तलाव आखावा. चार मुले जाळे होतील, बाकीची मासे. त्यांपैकी निम्म्यांच्या मनगटाला रंगीत दोरा बांधावा. ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले. (मत्स्यबीजाच्या व्यवहारात हाच शब्द रूढ आहे, आणि तो ऐकताच मुले आपले बोट वर करून दाखवतात.) पहिल्या डावात जाळ्यातील मुलांनी खांद्याला खांदा लावून चालावे: बारीक डोळ्यांचे, म्हणजे बारीक छिद्रांचे जाळे, त्यातून कोणीच सुटत नाही, आणि जो सापडला तो बाहेर बसतो. थोड्याच वेळात तलाव रिकामा होतो आणि पुढच्या डावाला मासाच उरत नाही. मुले कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावे. दुसऱ्या डावात जाळ्यातील मुलांनी मध्ये ओढण्या धरून हात लांब करावेत आणि दोरा बांधलेल्यांना ओढणीखालून निसटण्याची मुभा द्यावी. तिसऱ्या डावात त्यांचे दोरे सोडावेत, कारण एव्हाना ते मोठे मासे झालेले असतात, आणि दोरे नव्या बोटुकलीला बांधावेत. आता खेळ हवा तितका चालतो. उजनीच्या जलाशयात बारीक डोळ्यांच्या जाळ्यांवरून जी भांडणे होतात, त्यांचे मूळ याहून फार वेगळे नाही, परंतु ते मुलांना सांगण्याची गरज नाही.

तुमच्या वर्गाला आणखी एक सोय आहे. कारखान्यात उरलेले जाड सूत पालकांकडून मागवावे आणि हातभर जाळे मुलांसमोर करावे. आपण जाळे ‘विणतो’ म्हणतो खरे, पण चादरीसारखा त्याला उभा ताणा आणि आडवा बाणा नसतो. त्याचा प्रत्येक डोळा गाठीने बांधलेला असतो, आणि गाठ सैल राहिली तर डोळा सरकून मासा निसटतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या पालकाला हा फरक सांगायला बोलावले, तर तो तुमच्या-माझ्यापेक्षा नेमका सांगेल.

वेळ उरल्यास चिलापी घ्यावी. या माशाची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही, आणि पिल्ले बाहेर आल्यावरही धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. चिंचोके ही अंडी मानून मुलांनी ती ओंजळीत धरून न सांडता अंगण ओलांडावे. चिंचोके तोंडात घालू देऊ नयेत, आणि गळाचा खरा आकडा वर्गात आणू नये. तो दाखवायचाच असेल तर बाटलीत घालून झाकण घट्ट लावलेला दाखवावा.