कृपेनं तारण होतं, तर टिकली, उपास आणि जत्रेचं जेवण यावरून माझं ख्रिस्तीपण का मोजतात?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतरही टिकली लावता म्हणून मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, काही बायका बोलल्या, शेजाऱ्यांकडे जत्रेला जेवलात म्हणून पुन्हा बोलल्या, आणि आता एखादा उपास चुकला तरी देव आपल्यापासून लांब गेला असं वाटतं. ‘मग मी ख्रिस्ती नक्की कशानं?’ असं विचारलंय. मीही कोल्हापूरचीच. मंडळीच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते. आधी सरळ उत्तर देते: ख्रिस्तानं तुम्हाला आपलं म्हटलं, म्हणून तुम्ही ख्रिस्ती आहात. टिकली लावल्यानं ते जात नाही आणि काढल्यानं वाढतही नाही.

हा वाद आपल्या मंडळ्यांइतका नवा नाही. गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश. तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना काही जण सांगू लागले, ‘येशूवर विश्वास ठेवलात हे बरं झालं, पण सुंता केल्याशिवाय, सणवार पाळल्याशिवाय तुम्ही पुरते देवाचे नाही.’ ज्यानं त्यांना ख्रिस्ताबद्दल सांगितलं होतं तो प्रेषित पौल हे ऐकून इतका संतापला की त्यांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला नेहमी असणारी आभाराची वाक्यंसुद्धा त्यानं लिहिली नाहीत. त्याचं म्हणणं मला फार पटतं. यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला देवानं नीतिमान ठरवलं ते त्यानं विश्वास ठेवला म्हणून. मोशेचं नियमशास्त्र आलं त्यानंतर ४३० वर्षांनी. मागाहून आलेलं नियमशास्त्र आधीचं वचन कसं रद्द करणार?

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखिया शहरातली हकिगत आहे. येशूचा शिष्य पेत्र तिथं परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली, तसा तो त्यांना भिऊन वेगळा झाला. त्याच्यामागोमाग बाकीचे यहूदी विश्वासणारे उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलानं सगळ्यांदेखत पेत्राला जाब विचारला. प्रश्न जेवणाचाच होता, पण पौलाला त्यात अख्खी सुवार्ता धोक्यात दिसली. कारण पेत्रानं तोंडानं एक शब्दही न बोलता त्या लोकांना सांगितलं होतं की ख्रिस्त तुमच्यासाठी पुरेसा नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. कोण कुणाच्या हातचं खातो, कुणाच्या शेजारी बसतो, यावर इथं माणसाची किंमत ठरत आली. म्हणून तर शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घेत. एखादा नियम मंडळीत कुणाला पंक्तीतून उठवत असेल, तर तो कितीही पवित्र दिसो, अंत्युखियातलाच आहे असं मी समजते. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या दिवशी, एका नव्या सुनेला ‘टिकली काढ, मगच पुढे ये’ असं सांगितलेलं मी पाहिलंय. ती कित्येक महिने मागच्या बाकावर बसून राहिली. पाळकांनी स्वतः जाऊन तिला पुढं आणलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्हाला बोलणाऱ्या त्या बायका वाईट आहेत असं मात्र मला म्हणायचं नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासूनचा काळ डोळ्यांपुढं आणा. बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, भाऊबंद, वाटणी सगळं सोडावं लागे. ज्यांनी एवढं सोसलं त्यांना आपण कोण हे ठळक दिसावंसं वाटलं, आणि वेगळेपणाच्या खुणा त्यांनी जपल्या. त्या खुणांना आधी आसऱ्याचं मोल होतं. नातवंडांच्या काळापर्यंत त्यांची फूटपट्टी झाली. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. उलट त्यातूनच ख्रिस्त गायला. आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. मराठी असणं आणि ख्रिस्ताचं असणं यांत त्यांना भांडण दिसलं नाही. मलाही दिसत नाही.

आता तुमच्या मनातल्या भीतीबद्दल, कारण खरं दुखणं तिथं आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशूनं दोन मुलांची गोष्ट सांगितलीय. आपला वाटा घेऊन घर सोडलेला आणि तो उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परतताना वाक्यं जुळवून आणतो. त्यातलं शेवटचं असतं, ‘मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा.’ प्रत्यक्षात तो ते वाक्य बोलतच नाही. बाप त्याआधीच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मोलकरी होण्याची परवानगी त्याला मिळतच नाही. थोरला मात्र घरातच राहून म्हणतो, ‘इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय.’ तो मुलगाच असतो, जगतो चाकरासारखा, आणि जेवणावळीच्या दाराबाहेर उभा राहतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, हे विसरू नका. उपास चुकल्यावर देव लांब गेला असं वाटतं, तेव्हा तुम्ही मुलगी असून चाकरीचा हिशेब मांडत असता. हजेरी लागली नाही तर पगार चाकराचा कापतात.

‘मग काहीही केलं तरी चालेल का?’ असं कुणीतरी तुम्हाला विचारेलच. नाही. खोटं बोलणं, कामवाल्या बाईचे पैसे बुडवणं, नवऱ्यानं बायकोवर हात उचलणं ही पापंच आहेत, आणि माझ्या मते टिकलीवर जितकं बोललं जातं त्याच्या पावपटही यांवर बोललं जात नाही. पौल गलतीकरांच्या त्याच पत्रात म्हणतो की स्वातंत्र्य देहवासनांसाठी वापरू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा.

जत्रेच्या जेवणाबद्दल तर ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पौलानं नेमकं उत्तर दिलंय. अन्नामुळं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि खाल्लं नाही म्हणून आपलं काही बिघडतही नाही. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर चौकशा न करता पुढ्यात येईल ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी ते राहू द्या. म्हणजे शेजारणीनं प्रेमानं तांबडा-पांढरा वाढला तर निर्धास्त जेवा. आणि तुमच्याबरोबर नुकतीच अंगारे-धुपाऱ्यांच्या भीतीतून बाहेर पडलेली एखादी बहीण असेल, तिचं मन डळमळणार असेल, तर त्या दिवशी फक्त गप्पा मारून या. दोन्ही वेळा तुम्ही मोकळ्याच असता.

उपास सोडा असं मी सांगणार नाही. मी स्वतः करते. पण पुढचा उपास भीतीनं करू नका. मन भरून प्रार्थना करावीशी वाटेल त्या दिवशी करा, नाहीतर सकाळी पोटभर जेवून देवाचे आभार माना. गलतीकरांस पत्र सहाच अध्यायांचं आहे, ते एका बैठकीत मोठ्यानं वाचा. आणि येत्या प्रभुभोजनाला टिकली ठेवून किंवा न ठेवून, जशा असाल तशा पुढं जा. कुणी अडवलं तर पाळकांशी बोला, माझं हे उत्तर दाखवलंत तरी चालेल.