उत्तर: 'तुमचा सर्व्हर संशयास्पद पत्त्याशी बोलतोय' असा सरकारी मेल आलाय, काय करू?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एका सरकारी कार्यालयाचा दोन ओळींचा मेल, त्यात एक आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या मशिनचा क्रमांक), एक तारीख आणि 'परदेशी सरकारशी संबंधित गटाचा संशय, तपासून कळवावे'. इकडे वरिष्ठ म्हणतायत, सगळं फॉरमॅट मारा आणि विषय संपवा. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसलो. 'देशाने यावर काय करावं' हा तुमचा शेवटचा प्रश्न मला त्या दोन ओळींच्या मेलपासून वेगळा वाटत नाही.

पासवर्ड, बॅकअप, पॅच यावर बोलत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. फक्त फॉरमॅट आत्ता मारू नका. मँडियंट कंपनीने २०१३ मध्ये चिनी लष्कराच्या शांघायमधल्या युनिट ६१३९८ वर अहवाल काढला. त्यात घुसखोर एकेका संस्थेत सरासरी ३५६ दिवस राहिल्याचं दिसलं. एका ठिकाणी तर चार वर्षं दहा महिने. एवढे दिवस ठाण मांडलेला माणूस एका मशिनपुरता राहिलेला नसतो. एक मशिन पुसलंत तर पुरावा जाईल आणि त्याला सुगावा लागेल, एवढंच. आणि हो, याबद्दल ऑफिसच्या मेलवर चकार शब्द लिहू नका. तो मेल घुसखोरही वाचत असतील. फोनवर किंवा समोरासमोर बोला.

आता त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही. आम्हाला आलेल्या मेलमध्ये तारखेसोबत वेळ होती, पण ती कुठल्या टाइम झोनमधली हे लिहिलेलं नव्हतं. आम्ही ती स्थानिक वेळ धरली, आसपासच्या तासांचे फायरवॉल लॉग (नेटवर्कमध्ये काय आलं-गेलं याच्या नोंदी) बाजूला काढले आणि डोळे फुटेपर्यंत पाहिले. काही नाही. 'वेळ स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)?' असं विचारणारा मेल त्याच दिवशी पाठवला. उत्तर यायला कित्येक आठवडे गेले, आणि आलं ते असं: माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही. टाइम झोन गोपनीय! शिवाय खाली सूचना, की पुढील आदेशापर्यंत यंत्रणेत कोणताही बदल करू नये.

वेळ यूटीसी होती, हे पुढे भलत्याच मार्गाने कळलं. तोपर्यंत त्या तासांचे लॉग नेहमीच्या चक्रात पुसले गेले होते. काय गेलं, किती गेलं, कुठून गेलं, हे आम्हाला आजतागायत सांगता येत नाही. डिस्क मागितली, आम्ही दिली, पुढे ना उत्तर ना डिस्क. आमच्याकडून घेतलेल्या माहितीवरून दुसऱ्या कुणाला सावध केलं का, तेही कळलं नाही. वर चौकशी लागली ती आमच्याच सिस्टिम अ‍ॅडमिनवर, कारण कळवणारा तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानंतर आमच्या व्यवस्थापनाने जो धडा घेतला तो सरळ होता: पुन्हा असं काही दिसलं तर कुणाला सांगायचं नाही.

हे माझं एका ठिकाणचं गाऱ्हाणं आहे, सगळीकडे असंच असतं असा दावा नाही. पण 'देशाने काय करावं' म्हटलं की लोक लगेच निर्बंध, प्रतिहल्ला, 'आपणही त्यांच्यात घुसू' इथे पोचतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. तुमच्या लॉगमध्ये दिसणारा पत्ता बहुतेक वेळा हॅकरचा नसतोच, तो दुसऱ्याच कुणा पीडिताचा सर्व्हर असतो. प्रतिहल्ला त्याच्यावर करणार?

दुसरं असं की निव्वळ हेरगिरी आंतरराष्ट्रीय कायद्याने सरसकट निषिद्ध नाही, आणि करतात सगळेच. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेली, तेव्हा संधी मिळती तर आपणही मागेपुढे पाहिलं नसतं, अशा अर्थाचं तिथल्या गुप्तचर प्रमुखांनीच जाहीरपणे म्हटलं होतं. कंपन्यांची गुपितं चोरून आपल्या कंपन्यांना देणं हा प्रकार वेगळा, आणि वीज-पाण्याच्या यंत्रणेत उद्याच्या घातपातासाठी आधीच शिरून बसणं त्याहून वेगळा. तिन्हींना एकच उत्तर देणं मला चुकीचं वाटतं. (मी वकील नाही, मुत्सद्दी तर नाहीच.)

आरोपपत्रं, हकालपट्ट्या निरर्थक आहेत असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेने पाच चिनी लष्करी अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, २०१५ मध्ये ओबामा आणि शी यांच्यात व्यापारी चोरी न करण्याचा समझोता झाला, आणि काही काळ अशी चोरी घटल्याचं तज्ज्ञांना दिसलंही. सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून रशियन हेर हजारो ठिकाणी घुसले, त्या प्रकरणानंतर २०२१ मध्ये अमेरिकेने दहा रशियन अधिकाऱ्यांना परत पाठवलं. पण सोलरविंड्स उघडकीला कुणी आणलं? फायरआय या खासगी कंपनीने, आपण स्वतः लुटलो गेलो हे जगाला सांगून. ती गप्प बसली असती, तर दूषित अपडेट पोचलेले सुमारे १८ हजार ग्राहक आणखी किती काळ अंधारात राहिले असते?

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची चोरलेली डिजिटल किल्ली वापरून चिनी गटाने अमेरिकी परराष्ट्र खात्याचे मेल वाचले. ते पकडलं त्या खात्याच्याच लोकांनी, कारण त्यांनी जास्तीचे पैसे मोजून तपशीलवार लॉग घेतले होते. ज्यांनी घेतले नव्हते त्यांना पाहायला काहीच नव्हतं. नंतर दबाव आल्यावर कंपनीने ते लॉग इतर ग्राहकांनाही जादा पैसे न घेता दिले. माझ्या मते हा एक बदल दहा निषेधपत्रांपेक्षा भारी.

म्हणून देशाने आधी हे करावं: मदत करणारं कार्यालय आणि शिक्षा करणारं कार्यालय वेगळं ठेवावं, आणि कळवणाऱ्याला उलट काहीतरी मिळालं पाहिजे. युरोपच्या एनआयएस-२ या सायबरसुरक्षेच्या निर्देशात संस्थेने २४ तासांत प्राथमिक सूचना द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती मिळाल्यावर सरकारी यंत्रणेनेही शक्यतो २४ तासांत उत्तर द्यायचं, हेही त्यातच आहे. हे कलम मला आमच्या वेळी भिंतीवर चिकटवायला हवं होतं. उलट अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सायबर घटना तपासणाऱ्या मंडळातल्या सगळ्या सदस्यांनाच काढून टाकलं, तेही दूरसंचार कंपन्यांमधल्या सॉल्ट टायफून या चिनी गटाच्या घुसखोरीचा तपास चालू असताना. असो, राजकारणात शिरत नाही.

तुम्ही आज करायचं ते असं. त्या मेलला उत्तर देऊन टाइम झोन, पोर्ट (मशिनमधल्या कुठल्या क्रमांकाच्या वाटेने), संपर्क आतून बाहेर की बाहेरून आत, आणि पहिल्यांदा कधी दिसला, एवढं विचारा. उत्तराची वाट न पाहता त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे पुरे दोन-दोन दिवसांचे लॉग नेटवर्कबाहेरच्या डिस्कवर काढा. लॉग पुसण्याचं चक्र थांबवा. डिस्क मागितलीच तर आधी प्रत काढा, तिचा हॅश (डिजिटल ठसा) लिहून ठेवा, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हातची सोडू नका.