‘ती वस्तू’ आणि स्पिरिटची बाटली

समुपदेशनाची वेळ संपत आलेली असते, समोरची व्यक्ती पर्स खांद्याला अडकवते, आणि मग जाता जाता विचारते, “अजून एक विचारायचं होतं... असल्या वस्तू घरी नीट स्वच्छ कशा करायच्या? त्यातून काही इन्फेक्शन तर होत नाही ना?” असल्या वस्तू म्हणजे सेक्स टॉय. हा प्रश्न मला इतक्या जणींनी आणि जणांनी दारात उभं राहून विचारलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. एका बाईने तिची गोष्ट सांगायला परवानगी दिली, म्हणून तिच्याच निमित्ताने लिहिते. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनंदा ३९ वर्षांची, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर. घटस्फोटाला पाच वर्षं झालेली. पहिल्या भेटीत तिने फक्त जळजळीबद्दल सांगितलं. दोन महिने झाले, लघवी करताना चुरचुरतं, आतून कोरडं आणि सोलवटल्यासारखं वाटतं. बुरशीचा संसर्ग असेल असं समजून तिने दोनदा आपल्या मनानेच क्रीमचा कोर्स केला होता. फरक शून्य. मी विचारलं, “त्या भागाला दुसरं काही लागतं का? नवा साबण, वॉश, पॅड?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी एक वस्तू वापरते. पण ती मी एकदम निर्जंतुक ठेवते, मॅडम. त्यामुळे त्याने काही होणं शक्य नाही.”

निर्जंतुक म्हणजे कशी, हे ऐकल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. वापरण्याआधी सर्जिकल स्पिरिटने पुसायची. वापरून झाल्यावर अँटिसेप्टिक द्रावणात रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी फडक्याने टिपून, ओढणीत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी. पाण्याने धुवायची नाही, कारण “धुतलं की औषधाचा असर जातो ना.”

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिलं काम तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवणं, आणि तिथे ही गोष्ट सांगायला तयार करणं. दुसरं काम जास्त अवघड होतं. रोज रक्त आणि टाके बघणारी बाई, पण हे एक वाक्य तोंडातून फुटेना. आम्ही ते माझ्यासमोर म्हणून बघितलं: “मी सिलिकॉनचं सेक्स टॉय वापरते आणि ते अँटिसेप्टिकमध्ये भिजवते.” दोनदा ती ‘मी’वरच अडखळली. तिसऱ्यांदा एका दमात म्हणून टाकलं आणि खुर्चीत मागे टेकली. ती काम करते त्या हॉस्पिटलमध्ये जायचं नव्हतं तर दुसरीकडे जा म्हटलं, पण जा. तपासणीत संसर्ग निघाला नाही. नाजूक त्वचेला रसायनांचा दाह झाला होता. सगळं बंद ठेवल्यावर काही आठवड्यांत ती बरी झाली.

हाताच्या कातडीवर मृत पेशींचा एक जाड थर असतो, म्हणून स्पिरिट हाताला गार लागतं आणि उडून जातं. योनीच्या आतल्या अस्तराला तसं चिलखत नाही. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू राहतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी ठेवतात. बाहेरच्या जंतूंना तो मानवत नाही. सिलिकॉनवर राहिलेलं अँटिसेप्टिक आत गेलं की अस्तर भाजतं आणि हे राखणदारही मरतात. जळजळ झाली की सुनंदाला वाटायचं, जंतू राहिले. मग पुढच्या वेळी द्रावण आणखी कडक. दोन महिने हेच चाललं होतं.

दुसऱ्या भेटीत ती वस्तूच घेऊन आली. पिशवीत तीन होत्या. टेबलावर कागद अंथरला, त्यावर मांडल्या, आणि तिने पहिला प्रश्न टाकला: “आमच्याकडे ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर १५ मिनिटं देतात. घरी कुकरमध्ये घातलं तर चालेल?”

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र. मी तिला विचारलं, थिएटरमध्ये एवढं का करता? पोटात, हाडात, जिथे एकही जंतू असायला नको अशा ठिकाणी हत्यार जातं म्हणून. योनीत जंतू असतातच, असायलाच हवेत. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे स्पॉल्डिंगच्या वर्गीकरणात हे क्रिटिकल नाही. सेमी-क्रिटिकल.” अगदी बरोबर. उपकरण शरीरात कुठे जातं यावरून त्याचे वर्ग पाडायची ही पद्धत. सेमी-क्रिटिकल म्हणजे श्लेष्मल त्वचेला, म्हणजे आतल्या ओल्या अस्तराला टेकणारी, पण कापून आत न जाणारी वस्तू. हॉस्पिटलमध्ये अशा वस्तूंचंही कडक निर्जंतुकीकरण करावं लागतं, कारण तपासणीसाठी आत घालायचा एकच प्रोब दहा रुग्णांना वापरला जातो. घरात वापरणारी ती एकटीच. तिला हवी होती स्वच्छता, आणि ती साबण-पाण्याने होते.

तिच्यासारख्या जाणकार बाईकडूनही एक पायरी सुटली होती, ती म्हणजे आधी धुणं. थिएटरमध्ये रक्त लागलेलं हत्यार ती कधी थेट जंतुनाशकात टाकणार नाही. वंगण आणि स्रावाचा थर वर असताना कुठलंही द्रावण खालपर्यंत पोहोचत नाही. वापरून झालं की लगेच, वाळायच्या आत, कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण. बोटांनी चोळायचं, घासणी नाही, कारण घासणीने ओरखडे पडतात आणि त्यात मळ अडकतो. खाचा, कडा, बटणाभोवतीची रेघ यांना जास्त वेळ द्यायचा. मग भरपूर पाण्याने खळबळून घ्यायचं, साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत. एकट्याने वापरायच्या वस्तूला रोजच्यासाठी एवढं पुरतं.

उकळायचं केव्हा? संसर्ग होऊन गेल्यावर, बरेच दिवस पडून राहिलेलं पुन्हा वापरताना, किंवा दुसऱ्या कुणी वापरलं असेल तेव्हा. आणि काय उकळायचं, हे त्याहून महत्त्वाचं.

तिच्याकडची पहिली वस्तू अख्खी सिलिकॉनची, आत मोटर नाही, बॅटरी नाही. सिलिकॉनला छिद्रं नसतात आणि ते उकळत्या पाण्याच्या कितीतरी वरचं तापमान सहज सोसतं. ओव्हनमध्ये जाणारे लवचीक साचे याचेच असतात. वेगळं पातेलं घ्यायचं, तळाला एखादं सुती फडकं घालायचं म्हणजे वस्तू तापलेल्या धातूला टेकत नाही, आणि खळखळून उकळी आल्यावर पाच मिनिटं ठेवायचं. काही चिवट बीजाणू (जिवाणूंची कवचबंद रूपं) यातूनही वाचतात, पण नेहमीचे जिवाणू, बुरशी आणि विषाणू मरतात. कुकर लावायची गरज नाही. एक गोष्ट मात्र मी तिला बजावून सांगितली: जाड सिलिकॉन आतून हळू थंड होतं. बाहेरून गार लागलं तरी गाभा गरम असू शकतो. सरळ रात्रभर राहू द्या.

दुसरा चार्ज होणारा व्हायब्रेटर. वरून सिलिकॉनच, पण आत मोटर आणि लिथियम बॅटरी. हा उकळायचा नाही म्हणजे नाही. बॅटरी तापवणं धोक्याचं आहे. त्याच्या खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलं होतं, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहण्याची चाचणी झालेली. असा नळाखाली बिनधास्त धुता येतो, फक्त चार्जिंगच्या जागेचं बूच घट्ट आहे ना हे पाहून, आणि ती जागा कोरडी झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. वस्तू फक्त पाण्याचे शिंतोडे सोसणारी असेल तर साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, मग साध्या ओल्या फडक्याने दोनदा.

तिसऱ्या वस्तूची मला खरी काळजी वाटली. तीही सिलिकॉन म्हणूनच विकलेली. पण हाताला चिकट, प्लॅस्टिकचा उग्र वास, आणि कागदावरून उचलली तेव्हा खाली तेलकट डाग उमटलेला. हे सिलिकॉन नव्हे; जेली किंवा टीपीई (रबरासारखं मऊ प्लॅस्टिक) यांसारखा पदार्थ. याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यात ओल आणि जंतू शिरतात, वरून कितीही धुतलं तरी आतलं निघत नाही. उकळलं तर आकार बिघडतो किंवा वितळतं. काही स्वस्त जेलीत थॅलेट नावाची मऊपणा आणणारी रसायनंही असतात. असलं काही वापरायचंच असेल तर दर वेळी नवा कंडोम चढवून. माझं स्वतःचं मत विचाराल तर, चिकट झालेलं टाकून द्यावं. सेक्स टॉयच्या सुरक्षिततेसाठी २०२१ साली आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलंय, पण खोक्यावर ‘सिलिकॉन’ लिहिलं म्हणून आत तेच असेल असं धरून चालू नका. हाताला आणि नाकाला विचारा.

सुनंदाने त्या तेलकट डागाकडे बराच वेळ पाहिलं. “मी हिलाच सगळ्यात जास्त स्पिरिट लावायचे,” ती म्हणाली.

जोडीने वापरणाऱ्यांसाठी नियम थोडे कडक आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कंडोम बदला, किंवा मध्ये नीट धुऊन उकळा. गुदद्वाराला लागलेली वस्तू तशीच योनीकडे कधीही न्यायची नाही, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंना मूत्रमार्गापर्यंतचा रस्ता फार जवळचा असतो. एचपीव्ही हा लैंगिक संपर्कातून पसरणारा विषाणू अल्कोहोलला सहजी दाद देत नाही, म्हणून एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे जाताना नुसतं सॅनिटायझरने पुसून काम झालं असं समजू नका. मोटर नसलेलं, पूर्ण सिलिकॉनचं काही उकळायची सोय नसेल तर घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं ताजं द्रावण करून दहा मिनिटं बुडवता येतं, पण त्यानंतर वासाचा मागमूस राहणार नाही इतकं धुवायचं. आणि वंगण पाण्याचंच घ्या. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या पृष्ठभागाला फुगवून चिकट करू शकतं, आणि मग ते नीट स्वच्छ होत नाही.

आता त्या ओढणीबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणांच्या बाबतीत खरी गडबड धुण्यात नसते, त्यानंतरच्या लपवण्यात असते. रात्री उशिरा, दिवा न लावता, नळ बारीक सोडून घाईघाईत धुवायचं. ओलं असतानाच गुंडाळून कुठेतरी खोल दडवायचं. ओल, अंधार, हवा बंद. बुरशीला आणखी काय हवं? सुनंदा एकटी राहते. तिच्या कपाटाला हात लावणारं कुणी नाही. तरीही तीन पदरांत गुंडाळत होती. मी तिला एवढंच सुचवलं की एक स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं फक्त यासाठी ठेव, त्यावर तासभर तरी उघड्यावर वाळू दे, आणि मग प्रत्येकासाठी वेगळी सुती पिशवी. सिलिकॉन आणि टीपीई एकमेकांना टेकून राहिले तर दोन्ही खराब होतात, म्हणूनही पिशवी वेगळी. ती म्हणाली, “म्हणजे तासभर ती बाहेर दिसणार.” हो. तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलावर. यावर ती काही बोलली नाही, पण पुढची दोन सत्रं आम्ही याच तासाबद्दल बोललो.

जळजळ, वेगळ्या रंगाचा किंवा वासाचा स्राव, रक्त, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर मात्र स्वच्छतेचे प्रयोग करत बसू नका. वापर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, आणि ते एक वाक्य सांगा. डॉक्टरांनी तसले प्रश्न आधी ऐकलेले असतात.

दोनेक महिन्यांनी सुनंदाचा मेसेज आला. तिसरी वस्तू टाकून दिली होती. पहिली उकळल्यावर तिच्यावर पांढरे ठिपके दिसत होते, बुरशी तर नाही? फोटोसुद्धा पाठवला होता. वस्तू खिडकीजवळच्या टेबलावर, दिवसाउजेडी. ते जड पाण्यातले क्षार होते. मी कळवलं, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, मग साध्या पाण्याने धुवा, आणि व्हिनेगर व ब्लीच कधी एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. तिने लगेच उत्तर दिलं: “ते माहीत आहे, मॅडम. थिएटरला नवीन मुलींना मीच शिकवते.”