नाटकवाल्यांचे प्रश्न: साठ जण ऑडिशनला आले, पंधरवड्यात सात उरले

या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आलाय, छोट्या नाट्यसंस्थेत माणसं घ्यायची कशी. त्यातली पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही आठ-नऊ मित्रांनी अंबाजोगाईत छोटी नाट्यसंस्था काढलीय. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की कलाकार पाहिजेत. साठच्या वर पोरं आली, आम्ही लई खुश. पण पंधरा दिवसांत सातच उरली, त्यात मुलगी एकच. आमचं चुकतंय कुठं?

उत्तर: भाऊ, आधी तो मेसेज परत काढून वाचा. "कलाकार पाहिजेत, इच्छुकांनी संपर्क साधावा" एवढंच लिहिलं असेल तर गळती तिथूनच सुरू झाली. तालीम कुठं, किती वाजता, किती दिवस, नाटकात पात्रं किती, पैसे मिळणार का नाही, यातलं काहीच त्यात नसतं. पोरगं येतं, आठवडाभर बसतं आणि मग त्याला कळतं की तालीम दहाला सुटणार आणि गावाकडं जायची शेवटची एसटी साडेआठला निघून जाते, मग ते काही न बोलता यायचं बंद होतं आणि आपण म्हणतो याला आवडच नाही. आवड असते हो. घरी परत कसं जायचं याचं उत्तर नसतं.

मेसेज मोठा झाला तरी चालेल पण सगळं लिहा. दोन अंकी नाटक आहे, पाच पुरुष तीन बायका, तालीम रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ, अमुक शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, मानधन नाही पण जाण्यायेण्याचा खर्च देऊ, प्रयोगाच्या आधीचे आठ दिवस उशिरापर्यंत थांबावं लागेल. असं लिहिलं तर साठच्या जागी वीस येतील, पण येतील ते ठरवून येतील.

दुसरं म्हणजे वेळ. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात धरली तर ऐन तालमी दसरा-दिवाळीच्या आसपास येतात आणि तेव्हाच आपल्याकडं सोयाबीनच्या राशी, म्हणजे मळणी, चालू असतात, कापूस वेचणी सुरू होते. ज्याच्या घरी चार एकर आहेत त्याला बाप तालमीला सोडणार नाही आणि सोडूही नये. म्हणून जुलैतच माणसं घ्या, ऑगस्टात वाचन आणि पाठांतर उरकून टाका, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून लिहून घ्या की कोणत्या तारखांना येता येणार नाही, कुणाच्या राशी, कुणाची पोलीस भरती, कुणाची एमपीएससी. मी तर वहीत प्रत्येकाच्या नावापुढं गाव, शेवटची गाडी आणि शेत एवढं लिहूनच ठेवते.

आता ऑडिशनचं. पाठ केलेलं स्वगत ऐकू नका, तो आवाज कुणाची तरी नक्कल असतो बहुतेक वेळा. तुमच्याच नाटकातलं एक पान द्या, दहा मिनिटं वाचू द्या, समोर दुसरा माणूस उभा करा आणि दोघांना बोलू द्या. मग एकच सूचना द्या, म्हणजे हेच वाक्य राग गिळून बोल, आणि परत करायला लावा. पहिल्यांदा कसं केलं ते सोडून द्या, दुसऱ्यांदा काय बदललं ते बघा. जो ऐकून बदलतो त्याच्याबरोबर दोन महिने काम होतं. आणि समोरच्याचं वाक्य चालू असताना हा काय करतो तेही बघा, पुष्कळ जण आपली पाळी यायची वाट बघत नुसते उभे असतात. दोन-तीन दिवसांनी परत बोलवा, ठरलेल्या वेळेला कोण येतं ते कळतं. आणि ज्यांना घेतलं नाही त्यांनाही फोन करा, प्रत्येकाला. छोट्या गावात उद्या तेच तुमचे प्रेक्षक असतात.

प्रश्न: आम्ही लातूरचे. आमच्याकडं नट आहेत, दिग्दर्शक आहे, पण सगळा पैशाचा आणि धावपळीचा भार दिग्दर्शकावरच पडतो. दोन शिकाऊ निर्माते घ्यावेत असं वाटतंय. त्यांना कुठं शोधायचं, काय काम द्यायचं आणि काही द्यायचं का?

उत्तर: हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण मराठवाड्यात नट कधीच कमी नव्हते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 'जिगीषा' ही नाट्यसंस्था उभी राहिली, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक प्रशांत दळवी इथून मुंबईला गेले आणि मराठी व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी केवढं काम केलं ते सगळ्यांना माहितीय. नट, लेखक, दिग्दर्शक आपल्याकडं तयार होतात आणि जातात, जाऊ द्या, जावंच. पण इथं बसून प्रयोग लावणारा माणूस, म्हणजे आज परभणीत उद्या नांदेडात, हॉल बुक, टेम्पो ठरलेला, तिकिटं गेलेली, तो माणूस आपण कधी घडवलाच नाही. स्पर्धेचा एक प्रयोग होतो आणि सेट कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन पडतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

शोधायचं कुठं तर नाटकवाल्यांत शोधू नका. भूमिका मिळाली नाही म्हणून "बरं मग तू प्रॉडक्शन बघ" असं म्हणून घेतलेला पोरगा कधीच निर्माता होत नाही, त्याचं मन विंगेतून स्टेजवरच असतं. कॉमर्स कॉलेजात जा, गणेश मंडळाचा जमाखर्च ज्याच्याकडं असतो त्याला गाठा, युवक महोत्सवाला कॉलेजचा संघ घेऊन जाणारी, सगळ्यांची ओळखपत्रं आणि तिकिटं सांभाळणारी जी एक मुलगी असते ना, ती. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मुलाखत घेऊ नका, काम द्या. दोन हजार रुपये हातात द्या आणि म्हणा की पुढच्या रविवारी आपल्या नाटकाचं जाहीर वाचन लाव, जागा बघ, सतरंज्या, माईक, चहा, चाळीस माणसं आली पाहिजेत. सोमवारी हिशेब दे, पावत्यांसकट. शंभर रुपये उरले का कमी पडले यानं फरक पडत नाही, पण कमी पडतायत हे तिनं शनिवारी सांगितलं का सोमवारी, यावरून सगळं कळतं.

घेतल्यावर पहिल्या वाचनापासून बसवा. बजेट तिच्याकडून करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका. साधा चहा धरा, 12 माणसं, 40 तालमी, 10 रुपये कप, 4,800 रुपये झाले, आणि हा आकडा कुठल्याच ग्रुपच्या बजेटात नसतो, तो कुणाच्या तरी खिशातून जातो आणि पुढं त्यावरून भांडणं होतात. मग हॉलचं भाडं, लाइटवाला, रंगभूषा, टेम्पो, जेवण. जमेच्या बाजूला 300 खुर्च्या आणि 100 रुपये तिकीट असेल तर 30,000 लिहायचे नाहीत, तिसरा हिस्सा भरेल असं धरून 10,000 लिहायचे आणि खर्च त्यात बसतो का ते बघायचं. स्पर्धेत निर्मिती खर्चापोटी सरकारकडून रक्कम मिळते, पण ती नंतर, तोवर पैसा तुम्हालाच फिरवायचा असतो, हेही तिला आधी समजलं पाहिजे.

कागदपत्रंही तिच्याकडंच. लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र, हॉलची पावती. लेखक वारला म्हणून परवानगी लागत नाही असं पुष्कळांना वाटतं, ते चूक आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडं असतो. संस्था नोंदवायची असेल तर 1860 च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयात चकरा माराव्या लागतात, त्या चकरांतही तिला सोबत न्या.

आणि द्यायचं का विचारलंत, तर हो, द्यायचं. प्रवास, जेवण, फोनचा खर्च पहिल्या दिवसापासून, आणि नटांना नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, देत असाल तर तिलाही नाइट, त्याच रकमेची. पोस्टरवर नाव. मुदत लिहून द्या, एका नाटकापुरती, पहिल्या वाचनापासून शेवटच्या हिशेबापर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षं फुकट राबवून घेणं होणार नाही. एक प्रयोग, तालुक्याच्या गावचा का होईना, पूर्ण तिच्यावर सोडा आणि त्या दिवशी दिग्दर्शकानं फोन हातात घ्यायचा नाही. आमच्याकडं एकदा अशाच शिकाऊ मुलीनं प्रयोगाच्या दोन दिवस आधी सांगितलं की तिकिटं फक्त बावीस गेलीत, प्रयोग पुढं ढकलू. आम्ही म्हाताऱ्या माणसांनी ऐकलं नाही, रिकाम्या खुर्च्यांपुढं प्रयोग केला आणि पोरांचा धीर सुटला. तिचं बरोबर होतं.

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यातला. ऑडिशनला "भाषा गावठी आहे" म्हणून नाही म्हणाले. काय करू?

उत्तर: दादा, दोन गोष्टी वेगळ्या कर. "करायलो, जायलो" ही तुझी भाषा आहे, ती दोष नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारूडं रचली ती लोकांच्या बोलीतच ना. पात्र प्राध्यापकाचं असेल तर तशी भाषा शिकावी लागेल, शेतकऱ्याचं असेल तर तुझ्याइतकी कुणाला येणार. पण शेवटच्या रांगेला शब्द न शब्द कळला पाहिजे, न-ण आणि ल-ळ वेगळे ऐकू आले पाहिजेत, वाक्याचा शेवट गिळला नाही पाहिजे, हे बोलीतही लागतं आणि प्रमाण भाषेतही. रोज अर्धा तास पेपर मोठ्यानं वाच, शेतात उभं राहून वाच. आणि ज्यांनी भाषेवरून नाकारलं त्यांच्या नाटकात तुझं पात्र नव्हतं असं समज, दुसऱ्या ऑडिशनला जा.

प्रश्न: माझी मुलगी जालन्यात बी.ए. ला आहे. एका ग्रुपनं तिला नाटकात घेतलंय. घरात सगळे नको म्हणतात, मी मधे अडकलोय.

उत्तर: दादा, तुम्ही मधे अडकलात म्हणजे अर्धं काम झालंय. एक दिवस न सांगता तालमीला जाऊन बसा. चांगला ग्रुप तुम्हाला खुर्ची देईल, चहा देईल आणि तालीम चालू ठेवील. पालकांना आत येऊ देत नसतील तर मुलीला पाठवू नका, इतकं सरळ. आत अजून बायका आहेत का, कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, रात्री घरी कोण सोडतं, बाहेरगावी प्रयोग असेल तर बरोबर कोण वयानं थोर बाई जाते, हे विचारा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्यात बिनपगारी आणि शिकाऊ माणसंही धरलीत. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर संस्थेत तक्रार समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. ग्रुपला हे माहीत आहे का तेवढं विचाराच. आणि ग्रुपवाल्यांनो, अंबाजोगाईच्या भावांनो तुम्हीपण, एकच मुलगी आली म्हणालात ना, मुलीच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटलात का? मी आजही जाते, प्रत्येक मुलीच्या.

प्रश्न: धाराशिवहून. एका पुण्याच्या कंपनीनं ऑडिशनमध्ये निवड झाली म्हणून सांगितलं आणि ट्रेनिंगचे 15,000 भरायला सांगतायत. भरू का?

उत्तर: नको. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. शिकायचंच असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही नाटक शिकवतात, तिथं फीची पावती मिळते आणि शेवटी पदवी. तोवर धाराशिवातच कुणाच्या तालमी चालू असतील तर आज संध्याकाळी तिथं जा आणि विचार, झाडायला माणूस पाहिजे का म्हणून.