राहिलेल्या तेरा फेऱ्या

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मनगटाचं प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी कार्ट, म्हणजे आपली शर्यतीची छोटी गाडी, चालवायला परवानगी दिली, तरी तू अजून ट्रॅककडे फिरकला नाहीस. त्याबद्दल मी रागावलेलो नाही. पण ‘ॲलेक्स झानार्दीसारखी जिद्द माझ्यात नाही’ असं जे तू लिहिलं आहेस, त्यावर बोलल्याशिवाय मला राहवेना. अपघातात दोन्ही पाय गमावूनही शर्यतीत परतलेला हा मोटार-शर्यतपटू, म्हणून लोकांना त्याची जिद्द दिसते. पण दात-ओठ खाऊन संकटावर तुटून पडणारा झानार्दी मी तरी कधी पाहिला नाही. मला आठवतो तो हातात पाना घेऊन बसलेला, ‘हे असं बसत नाही, तर मग कसं बसेल?’ असा विचार करणारा माणूस.

इटलीतल्या बोलोन्याचा हा मुलगा. वडील प्लंबर. तेराव्या वर्षी त्याने पहिलं कार्ट स्वतः बनवलं, कचऱ्याच्या डब्याची चाकं आणि वडिलांच्या कामातले पाइप वापरून. पुढचं सगळं समजून घ्यायचं असेल तर हे कार्ट डोळ्यांसमोर ठेव.

फॉर्म्युला वनमध्ये त्याचं जमलं नाही. १९९३ मध्ये लोटस संघाकडून ब्राझीलला एक गुण मिळाला, तेवढाच. पण अमेरिकेतल्या CART या मोठ्या गाड्यांच्या शर्यत-मालिकेत (नाव ‘कार्ट’, पण तुझ्या कार्टशी संबंध नाही) त्याने लोकांना वेड लावलं. १९९६ ची कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवरची शर्यत मी किती वेळा पाहिली असेन, सांगता येणार नाही. शेवटची फेरी, पुढे ब्रायन हर्टा, आणि समोर ते उतारावरून कोसळणारं कॉर्कस्क्रू वळण. तिथे कुणी कुणाला ओलांडत नाही. झानार्दीने गाडी आत घातली, ती ट्रॅक सोडून धुळीतून गेली, आणि बाहेर पडताना तो पुढे होता. १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदंही त्याचीच. ९८ साली लाँग बीचला तर एक फेरी मागे पडूनही तो जिंकला. जिंकल्यावर गाडी जागच्या जागी गरागरा फिरवून टायरचा धूर काढायचा, आणि त्या धुरात लोक बेभान व्हायचे. त्या जोरावर १९९९ मध्ये विल्यम्स संघाने त्याला फॉर्म्युला वनमध्ये परत बोलावलं. अख्ख्या हंगामात शून्य गुण. हेही लक्षात ठेव. पाय होते, गाडी होती, तेव्हाही त्याचं एक वर्ष पूर्ण वाया गेलं होतं.

मग १५ सप्टेंबर २००१. जर्मनीतला लाउझित्सरिंग ट्रॅक. झानार्दी आघाडीवर होता. इंधन-टायरसाठीच्या शेवटच्या थांब्यानंतर (पिट-स्टॉप) तेरा फेऱ्या राहिलेल्या. पिटमधून बाहेर पडताना गाडीवरचा ताबा सुटला, ती फिरत ट्रॅकवर आली, आणि मागून ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने येणारी ॲलेक्स ताग्लियानीची गाडी तिच्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले. दोन्ही पाय गेले, अंगातलं जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त वाहून गेलं, हृदय सात वेळा बंद पडलं. स्टीव्ह ओल्वी आणि टेरी ट्रॅमेल या ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी त्याला बर्लिनच्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचवलं. मी हे अजूनही सहज सांगू शकत नाही.

तू म्हणतोस ती जिद्द लोकांना इथे दिसते. मला दिसतं ते त्यानंतरचं काम. बाजारात मिळणारे कृत्रिम पाय त्याला पटेनात, म्हणून त्याने स्वतःचे पाय स्वतः आखले, बनवले. शर्यतीसाठी पावलाचं वजन किती, ताठपणा किती, हे बदलून पाहिलं. बीएमडब्ल्यूच्या टूरिंग कारमध्ये ॲक्सिलरेटर स्टिअरिंगवरच्या कडीत आणला, ब्रेक मात्र कृत्रिम पायानेच दाबायचा. ती कडी बोटांनी किती ओढली की इंजिन किती प्रतिसाद देतं, हे अंगात मुरायला किती सराव लागला असेल, तूच विचार कर. तुझा उजवा पाय हे न सांगता करतो. ऑगस्ट २००५ मध्ये जर्मनीतल्या ओशरस्लेबेनला त्याने जागतिक टूरिंग कार स्पर्धेतली शर्यत जिंकली. ती कडी ज्यांनी बनवली, त्यांचाही तो विजय होता.

त्याआधी २००३ मध्ये तो त्याच लाउझित्सरिंगवर परत गेला होता. हाताने चालवता येईल अशी गाडी तयार केली होती. शर्यत सुरू होण्याआधी, रिकाम्या ट्रॅकवर, त्याने त्या राहिलेल्या तेरा फेऱ्या पूर्ण केल्या. वेग असा होता की त्या दिवशी सुरुवातीच्या रांगेत त्याला पाचवी जागा मिळाली असती.

हँडबाइकचं, म्हणजे हातांनी चालवायच्या सायकलचं, तुला ठाऊक आहे. २००७ ची न्यू यॉर्क मॅरेथॉन, जेमतेम चार आठवड्यांच्या तयारीवर चौथा. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये दोन सुवर्ण, तीही ब्रँड्स हॅचच्या मोटार-ट्रॅकवर. जमिनीवर बसून एका हाताने सायकल डोक्यावर उचललेला तो फोटो माझ्या टेबलावर आहे. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये आणखी दोन सुवर्ण. त्यातलं एक लाउझित्सरिंगच्या अपघाताला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना.

जून २०२० मध्ये इटलीतल्या तोस्कानात हँडबाइकवर असताना त्याला पुन्हा भीषण अपघात झाला. त्यातून तुला देण्यासारखा काही धडा मला सापडत नाही, आणि मी तो शोधतही नाही. ती बातमी आली त्या रात्री मी लगुना सेकाची शर्यत पुन्हा लावली होती, एवढंच.

आता तुझं. भीती वाटते असं तू मोकळेपणाने लिहिलंस, ते बरं केलंस. पण ‘भीती’ एवढ्या एका शब्दाने मला काम करता येत नाही. ब्रेक दाबताना वाटते की स्टिअरिंग वळवताना? पूर्ण वळवलं की मनगट दुखतं का? दुखत असेल तर स्टिअरिंग जवळ आणता येईल, सीट थोडी पुढे घेता येईल, पकड जाड करता येईल. हे सगळं मोजून बदलता येतं. तू घरी बसून स्वतःच्या मनाची परीक्षा घेतो आहेस, आणि कार्ट तिथे जुन्याच मापाचं उभं आहे.

शनिवारी सकाळी ये. हेल्मेट आणलं नाहीस तरी चालेल. आधी नुसता सीटवर बस, मी मापं घेतो. मनगट दुखावलं त्या दिवशी तुझ्या सहा फेऱ्या राहिल्या होत्या, माझ्या वहीत तशी नोंद आहे. त्या कधी करायच्या हे तू ठरव. स्टॉपवॉच मी घरीच ठेवून येईन.

तुझा,
सर