मुंबई मॅरेथॉनला पाच आठवडे राहिलेत, पाय कायम जड वाटतात, रनिंग कमी करू का?

अजिबात घाबरू नका, जानेवारीतल्या फुल मॅरेथॉनसाठी (४२ किमी) डिसेंबरमध्ये पाय जड होणारच, हेच सगळ्यात दमवणारे आठवडे असतात. रविवारी ३० किमी काढल्यावर सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, भूक तर अशी लागते की घरचे डबा लपवून ठेवतील. आता एक-दोन लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) ३० ते ३२ किमीचे करा आणि शेवटचा रेसच्या साधारण तीन आठवडे आधी उरका, मग किलोमीटर हळूहळू कमी करत आणायचे. लाँग रनमध्ये ३२ किमीच्या पुढे पळून फायदा फार नाही, रिकव्हरीलाच जास्त दिवस जातात.

लाँग रन सावकाशच करा, शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतका. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) बघून चेकाळणारे खूप असतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि चढाची सवय ठेवा बरं का, कारण पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर ३० किमी उलटल्यावर येतो, तोवर पाय संपलेले असतात आणि ऊनही वर आलेलं असतं. एनर्जी जेल, खजूर, इलेक्ट्रॉल जे काय घेणार ते आत्ताच लाँग रनमध्ये पोटाला झेपतंय का बघून घ्या, बूटही तेच वापरा.

फक्त एक, जडपणा वेगळा आणि एकाच जागी टोचणारं दुखणं वेगळं. नडगीवर बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत असेल तर पळणं बंद आणि सरळ ऑर्थोपेडिककडे जा.