गाडी लीजवर घ्यावी की कर्ज काढून विकत?

दर तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल, तर लीजचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी गाडी भाड्याने घेण्याचा, मोह होणारच. लीजमध्ये गाडीची पूर्ण किंमत भरावी लागत नाही. त्या मुदतीत तिची जेवढी किंमत उतरते तेवढी, आणि वर व्याज. म्हणून हप्ता कर्जापेक्षा कमी असतो. पण नव्या गाडीची किंमत सगळ्यात जास्त घसरते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. एकामागून एक लीज घेणारा नेमकी तीच महागडी वर्षं जन्मभर भरत राहतो. शोरूमवाला हे सांगणार नाही!

करार करण्याआधी किलोमीटरची मर्यादा, जादा किलोमीटरचा दर आणि मुदतीआधी गाडी परत केल्यास लागणारा दंड बघा. हा दंडच सगळ्यात जास्त बोचतो, कारण नोकरी गेली तरी करार सुटत नाही. पोचे-ओरखड्यांचे पैसे वेगळे.

विकत घेतलीत तर हप्ता मोठा, पण कर्ज फिटल्यावर नीट सांभाळलेली गाडी पुढे कितीतरी वर्षं बिनहप्त्याची चालते. मी असतो तर विकतच घेतली असती, तीही दोन-तीन वर्षं वापरलेली.